अकराशे एकचा आहेर

‘घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्या पूर्वजांनी ते कुणाच्या पैशानं बांधावं, हे गुलदस्त्यातच ठेवलं. त्यामुळे कारकुनानं जन्म चाळीत काढावा आणि निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून दोन खोल्या घ्याव्यात, असा शिरस्ता पडला. किल्ली हाती येईतो दात हलायला लागलेले!

हा शिरस्ता मोडला तो एका निवृत्त गृहस्थानंच. हसमुखभाई पारेखांनी १९७७ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एचडीएफसी काढली. म्हणणं साधं : पगार चालू आहे तोवर घर घ्या, हप्त्यानं फेडा.

हप्ता मोठा गमतीचा. लाखाचं कर्ज, २० वर्षं, दर १२ टक्के. हप्ता रुपये ११०१. अगदी लग्नातल्या पाकिटाचा आकडा! फक्त पाकीट २४० वेळा द्यायचं. त्यातही पहिल्या पाकिटातले हजार व्याजाचे, मुदलाला वरचे १०१.

पण कर्ज मिळतं ते मिळकतीला नव्हे, पगाराच्या चिठ्ठीला. इस्त्रीवाला कारकुनापेक्षा चार पैसे जास्त मिळवील, पण चिठ्ठी कुठून आणणार? २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत वर्षाला ६ लाखांपर्यंत मिळकत असणाऱ्यांना व्याजात साडेसहा टक्के सवलत होती. ती घ्यायलाही आधी कर्ज मंजूर व्हायला हवं!

लोकांना घरं देणारी एचडीएफसी २०२३ साली आपल्याच लेकीच्या, एचडीएफसी बँकेच्या, घरी राहायला गेली. इस्त्रीवाला जिन्याखालीच आहे. साऱ्या इमारतीच्या कपड्यांची घडी तो बसवतो. त्याची घडी बसायला मात्र एक कागद कमी पडतो.