राजाची शिष्यवृत्ती

ऑपेरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे इटली येते. पण खर्जातल्या आवाजांचा विषय निघाला की जाणकार एका लहानशा देशाचं नाव हमखास घेतात. बल्गेरिया! तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमधलं गाणं परंपरेनं वाद्यांशिवायचं, सगळा भार गळ्यावर. तेव्हा भरदार पुरुषी आवाज तिथे घोटले गेले, यात मला तरी नवल वाटत नाही.

बोरिस ख्रिस्तोफ हा या मंडळींतला मेरुमणी. जन्म १९१४ चा, प्लोव्दिव गावचा. शिकला कायदा, पण जीव गाण्यात. 'गुस्ला' नावाच्या गायकवृंदात गायचा, सोफियाच्या अलेक्झांडर नेव्हस्की कॅथीड्रलमध्येही गायचा. हा आवाज राजा तिसरा बोरिस याच्या कानावर पडला आणि १९४२ साली पोरगा राजाच्या शिष्यवृत्तीवर इटलीला रवाना झाला. गुरू मिळाले रिकार्दो स्ट्राचारी. वकिली सुटली ती सुटलीच.

पुढच्याच वर्षी राजा वारला. १९४४ मध्ये रशियन फौजा देशात शिरल्या, १९४६ मध्ये राजेशाही संपली. त्याच वर्षी हा इटलीत 'ला बोएम'मधून प्रथम रंगमंचावर आला. राजाच्या पैशानं शिकलेल्या माणसानं नव्या कम्युनिस्ट राजवटीत परतायचं तरी कसं? तो रोममध्ये राहिला. विख्यात गायक टिटो गोबी त्याचा साडू. १९४९ मध्ये लंडनला त्यानं मुसोर्गस्कीचा 'बोरिस गोदुनोव' गाजवला. पापानं पोखरलेल्या झारची ही भूमिका त्याच्या नावाला कायमची चिकटली. (राजा बोरिस, गायक बोरिस, झारही बोरिस!) १९५२ च्या ध्वनिमुद्रणात तर त्यानं एकट्यानं तीन भूमिका गायल्या.

आता खरी गंमत पाहा. १९५० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे नवे प्रमुख रुडॉल्फ बिंग यांनी त्याला हंगामाच्या पहिल्याच प्रयोगासाठी बोलावलं. 'डॉन कार्लोस'मधला राजा फिलिप. पण कम्युनिस्टांना अडवणारा मॅकॅरन कायदा त्याच वर्षी आला होता. माणूस बल्गेरियात जन्मलेला, म्हणून प्रवेश बंद! फिलिप गायला चेझारे सिएपी. मायदेशी राजाचा माणूस म्हणून जाता येईना, अमेरिकेत कम्युनिस्ट देशाचा म्हणून. आम्ही शाळेत शीतयुद्ध शिकवायचो ते नकाशावर रेघा मारून. ती रेघ एखाद्याच्या गळ्यावरूनही जाते, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.

१९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं त्याला बोलावलं, तो गायलाही. मेट्रोपॉलिटनमध्ये मात्र जन्मात गायला नाही.

ल्युबा वेलिच ही त्याच पिढीतली बल्गेरियन गायिका. तिनं १९४९ च्या फेब्रुवारीत त्याच रंगमंचावर 'सालोमे' गाऊन न्यूयॉर्क वेडं केलं होतं. कायदा यायच्या वर्षभर आधी! पण तिचा आवाजच लवकर गेला. ते दुःख निराळं.

निकोलाय ग्यौरोवचं नशीब अगदी उलटं. जन्म १९२९ चा, म्हणजे ख्रिस्तोफहून पंधरा वर्षांनी धाकटा. समाजवादी सरकारच्या काळात मॉस्कोला शिकला, १९५५ मध्ये पॅरिसची स्पर्धा जिंकला, आणि १९६५ मध्ये 'फाउस्ट'मधला सैतान होऊन मेट्रोपॉलिटनमध्ये उभा राहिला. त्याच वर्षी साल्झबर्गला कारायानच्या हाताखाली 'बोरिस गोदुनोव'ही गायला. देश तोच, खर्जही तोच, फक्त दारं उघडी. आवाज ग्यौरोवचा अधिक मऊ आणि गोल, हे मान्य. तरी झारच्या मरणाचा प्रसंग ऐकायचा तर मी ख्रिस्तोफच लावतो. त्याच्या आवाजाला एक धार आहे, ती रियाजानं येत नसावी.

ख्रिस्तोफला बल्गेरियात पाऊल ठेवू दिलं ते १९६७ साली, आईच्या अंत्यसंस्कारासाठी. १९७० च्या दशकात त्यानं सोफियातच, त्याच नेव्हस्की कॅथीड्रलमध्ये, ग्रेचानिनोव्हची प्रार्थनागीतं ध्वनिमुद्रित केली. १९९३ च्या जूनमध्ये तो रोममध्ये गेला. तेव्हा कम्युनिस्ट राजवट उरली नव्हती. त्याचं शव सोफियाला आणलं आणि अंत्यविधी झाला तो तरुणपणी तो जिथे गायचा त्याच कॅथीड्रलमध्ये.