नांगराचे गिऱ्हाईक

अर्थशास्त्राच्या ज्या इंग्रजी ग्रंथांवर आमची पिढी पोसली, त्यांत मागणी ही आयतीच मांडून ठेविलेली असते. मागणी करणारा मनुष्य कोण, त्याच्या घरी कोणाचे चालते, त्याच्या हाती रोकड केव्हा येते, याची विचारपूस तेथे क्वचितच आढळते. धंदा काढणाऱ्यास मात्र ती केल्यावाचून गत्यंतर नसते.

१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले, तेव्हा हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. गाव छावणीचे व कचेऱ्यांचे. सायकल महाग आणि नवलाईची. ती घेऊ शकणारी मंडळी मोजकी, पण डोळ्यांसमोरची. बंधू रामूअण्णा सायकल विकीत आणि ती चालविण्यासही शिकवीत. खरी परीक्षा पुढे, १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाल्यावर आली. लोखंडाने जमीन विषारी होते, असे म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

ही हकीकत आपल्याकडे नेहमी शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगण्यात येते. मला ते न्याय्य वाटत नाही. लाकडी नांगराचा फाळ तरी लोखंडाचाच होता ना? विषाची भीती खरी असेलही. परंतु तिच्या आड दुसरी एक अडचण उभी होती. लाकडी नांगर गावचा सुतार करी, फाळ लोहार शेवटी, आणि दोघांचेही बलुते सुगीत खळ्यावर धान्याने चुकते होई. नव्या नांगरास रोख रुपये मोजावयाचे, आणि त्याचा भाग मोडला तर गावात कोणापाशी इलाज नाही! शिवाय खोल नांगरटीस एका बैलजोडीचे बळ पुरत नसे. एक जोडी बाळगणाऱ्या कुणब्याने नांगर नाकारला, तो हिशेब करूनच नाकारला. तो त्या नांगराचे गिऱ्हाईक नव्हताच.

गिऱ्हाईक होता तो निराळा. ज्याच्या काळ्या रानात हरळी व कुंदा माजून लाकडी नांगर हतबल झाला होता, ज्याच्या दावणीला अनेक बैल होते किंवा ज्याला इर्जिक घालता येत होती, आणि गुळाचा अगर कापसाचा पैसा ज्याच्या हाती खेळत होता, तो. १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागून औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. संकटाने घडविलेले हे स्थलांतर कृष्णाकाठच्या अशा शेतकऱ्यांजवळ नेणारे ठरले, असे माझे मत आहे.

गंमत अशी की, याच वाडीत हा प्रश्न पुनः एकदा, अगदी वेगळ्या मालाच्या बाबतीत, उपस्थित झाला. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांस कळविण्यासाठी. परंतु नांगराची बातमी वाचणारा वाचक किती वेळ टिकणार? हळूहळू तिच्यात घरातल्या इतर माणसांस रुचेल असा मजकूर येऊ लागला. १९२९ साली नावातील ‘खबर’ गळाली, आणि १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले. येथे तर घेणारा आणि वाचणारा एक नव्हताच. वर्गणी बहुधा यजमानांच्या खिशातून जाई, आणि अंक माजघरात वाचला जाई.