पैसे परत मागणाऱ्याची ओळख

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही पाटी आपल्यापैकी प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या दुकानात वाचलेली आहे. निदान बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली तरी पाहिलेली आहे. घरबसल्या इंटरनेटवरून खरेदी करण्याची सोय आली आणि या पाटीचा धाक बराच कमी झाला. माल पसंत पडला नाही, फुटका निघाला किंवा भलताच आला, तर तो परत करा, पैसे परत मिळतील, असं आश्वासन आता विकणाराच देतो. न पाहिलेली वस्तू आपण विकत घेतो ती याच भरवशावर.

पण अलीकडच्या वर्षांत या आश्वासनाला एक नवी अट चिकटू लागली आहे. महागाची वस्तू परत केली, पार्सल पोचलंच नाही अशी तक्रार केली किंवा थोड्या दिवसांत दोन-तीनदा माल परत पाठवला, की कधी कधी निरोप येतो : ‘आपली ओळख पटवण्यासाठी सरकारी ओळखपत्राचा फोटो पाठवा. त्यानंतरच पैसे परत करण्याचा विचार होईल.’ पैसे घेताना कोणी ओळखपत्र मागितलेलं नसतं. ते देण्याची वेळ आली की मात्र मागतात.

माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेला असा निरोप आला. मिक्सर बिघडलेला निघाला, कंपनीनं तो परत नेलाही. पण पैशांसाठी आधार कार्ड हवं म्हणाले. बाईंनी खरेदी केली होती सासरच्या नावानं आणि आधारवर नाव होतं माहेरचं. नावं जुळत नाहीत म्हणून पैसे अडकले. मिक्सर गेला, पैसेही गेले, आणि आधारची प्रत कुठल्या तरी अनोळखी माणसाकडे जाऊन पडली ती वेगळीच. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या किती बायकांवर ही पाळी येऊ शकते, याचा विचार केलेला बरा.

अशा वेळी मला इतिहासात डोकावावंसं वाटतं, कारण हा प्रश्न इंटरनेटच्या फार आधीचा आहे. ग्राहक आणि दुकानदार एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये शेकडो मैलांचं अंतर आहे. मग कोणी कोणावर आधी विश्वास ठेवायचा? टपालानं व्यापार सुरू झाला तेव्हा हाच पेच पडला होता. आणि तेव्हा त्याचं उत्तर आजच्या अगदी उलट निघालं होतं.

१८७२ साली अमेरिकेत शिकागो शहरात एरन माँटगोमेरी वॉर्ड या माणसानं टपालानं माल विकण्याचा धंदा काढला. तो फिरता विक्रेता होता. गावोगाव हिंडताना शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं त्यानं ऐकलं होतं : गावात दुकान एकच, दुकानदार सांगेल ती किंमत आणि देईल तो माल. शहरात घाऊक माल घ्यायचा आणि मधले दलाल वगळून रोखीनं थेट शेतकऱ्याला पाठवायचा, अशी त्याची कल्पना. १८७१ च्या शिकागोच्या भीषण आगीत त्याचा पहिला साठा जळून गेला होता. तरी त्यानं पुन्हा उभारी धरली. त्याची पहिली यादी म्हणजे एक साधा छापील कागद होता.

लोकांना हे खरं वाटेना. एवढ्या स्वस्तात माल देणारा, तोही दुकान न थाटता टपालानं धंदा करणारा, म्हणजे भामटाच असणार! १८७३ च्या नोव्हेंबरात ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्रानं शेतकऱ्यांना सावध करणारा मजकूर छापला आणि वॉर्डच्या पेढीला फसवणुकीचा कारखाना ठरवलं. वॉर्डनं आपला व्यवहार उघड करून दाखवला, आणि पुढच्याच महिन्यात त्या वृत्तपत्राला आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं. यातली मेख अशी की ओळख पटवायची जबाबदारी विकणाऱ्यावर होती. अमुक गावचा शेतकरी खरा आहे की खोटा, हे कोणी विचारत नव्हतं. शिकागोचा वॉर्ड खरा आहे का, एवढाच प्रश्न होता.

त्या प्रश्नाला वॉर्डनं १८७५ साली दिलेलं उत्तर व्यापाराच्या इतिहासात गाजलं : समाधान झालं नाही तर पैसे परत. तो फार उदार होता म्हणून हे घडलं असं नाही. न पाहिलेल्या मालासाठी आधी पैसे मोजणारा ग्राहक मोठा धोका पत्करतो. त्यातला काही भाग आपण उचलला नाही तर धंदा चालणार नाही, हा साधा हिशेब त्यामागे होता. पैसे परत करणं ही त्यानं दिलेली अनामत होती म्हणा ना. ग्राहकाची ओळख मात्र त्याला एका ठिकाणी लागे. शेतकऱ्यांच्या ‘ग्रेंज’ या संघटनेच्या सभासदांना तो थोड्या दिवसांची उधारी देई, आणि त्यासाठी संघटनेच्या पदाधिकाऱ्याचा दाखला घेई. उधार देताना ओळख हवी. ग्राहकाचे त्याचेच पैसे परत देताना कशाला?

वॉर्डनंतर सिअर्स आली. रिचर्ड सिअर्स हा रेल्वे स्टेशनवरचा एजंट. १८८६ साली घड्याळं विकण्यापासून त्यानं सुरुवात केली. सिअर्सच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये शिकागोच्या बँकांचे हवाले छापलेले असत, म्हणजे आमच्याबद्दल शंका असेल तर बँकेला विचारा. आणि ग्राहकाला काय सांगितलेलं असे? तुम्हाला येत असेल त्या भाषेत, जमेल तशा अक्षरात लिहा, माल पोचेल. युरोपातून नुकत्याच आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या कुटुंबांना याचं केवढं अप्रूप वाटलं असेल! त्याहून मोठा लाभ दक्षिणेतल्या काळ्या ग्राहकांना झाला. वर्णभेदाच्या त्या काळात गावच्या दुकानात त्यांना मागे उभं राहावं लागे, गोऱ्या गिऱ्हाइकांचं झाल्यावर उरलेला माल मिळे. कॅटलॉगमध्ये मात्र सगळ्यांना एकच किंमत होती, कारण पत्र लिहिणाऱ्याचा रंग शिकागोला दिसत नव्हता. ग्राहक कोण हे न विचारण्यानं किती मोठं काम होतं, ते इथं ध्यानात येतं.

आपल्याकडेही टपालाचा व्यापार जुना आहे. व्ही. पी. म्हणजे ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत १८७७ साली सुरू झाली, आणि १८८० पासून मनीऑर्डर पोस्टाकडे आली. पुस्तकं, औषधं, घड्याळं असं काय काय लोक व्ही. पी. नं मागवत. पोस्टमन दारात आला की पैसे देऊन व्ही. पी. सोडवून घ्यायची. कोणी ती सोडवली नाही तर टपालखर्चाचा भुर्दंड पाठवणाऱ्याला. आत भलतंच निघालं तर मात्र ग्राहक फसला. म्हणून १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात दोन तरतुदी होत्या. खरोखरीच्या मागणीवरून हा माल पाठवत आहे, असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याबाबत नियम करता येत. आणि फसवणूक झाली तर वसूल केलेली रक्कम रोखून ती घेणाऱ्याला परत देण्याबाबतही नियम करता येत. म्हणजे पारतंत्र्यातल्या त्या सरकारनंसुद्धा प्रतिज्ञा मागितली ती विकणाऱ्याकडून.

मग पैसे देताना माणसाची ओळख पटवण्याची पद्धत आली कुठून? तिचा एक धागा आपल्याच देशात, बंगालमध्ये सापडतो. विल्यम हर्शेल हा मुलकी अधिकारी, युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या हर्शेलचा नातू. १८५८ साली रस्त्याची खडी पुरवण्याच्या एका करारावर त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. उद्या सही नाकारू नये म्हणून. पुढे १८७७ साली हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्यानं पेन्शन घेणाऱ्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. पेन्शनर वारला तरी त्याच्या नावानं दुसराच कोणी पैसे उचलतो, अशी शंका सरकारला होती. आज दर नोव्हेंबरात आपले पेन्शनर हयातीचा दाखला देतात, त्याचं मूळ याच काळजीत आहे.

इथं एक फरक नीट समजून घ्यायला हवा. पेन्शन ही विशिष्ट व्यक्तीची असते. ती व्यक्ती तीच आहे आणि हयात आहे, हे पाहणं रास्तच. खरेदीचे पैसे परत करणं ही गोष्ट वेगळी. तिथं दोनच प्रश्न असतात : माल आमच्याकडूनच घेतला होता का, आणि तो परत आला का? पहिल्याचं उत्तर पावती देते, दुसऱ्याचं पार्सल देतं. आणि पैसे ज्या कार्डावरून किंवा खात्यातून आले तिथंच परत पाठवले, तर ते भलत्याच्या हाती जातीलच कसे? युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात हेच तत्त्व आहे : करार रद्द केल्यास चौदा दिवसांत, आणि ज्या मार्गानं पैसे आले त्याच मार्गानं परतफेड. माल पोचल्यावर रोख पैसे दिले असतील तर खातं क्रमांक विचारावा लागेल, हे मान्य. पण खातं क्रमांक आणि ओळखपत्र यांत फरक आहे.

विकणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेतल्या एल. एल. बीन या कंपनीची कथा कंपनीच सांगते : १९१२ साली विकलेल्या पहिल्या शंभर जोडी बुटांपैकी नव्वद उसवून परत आले, आणि मालकानं सगळ्यांचे पैसे परत केले. त्या कंपनीनं कधीही माल परत घेण्याची हमी शंभरेक वर्षं पाळली. पण लोक जुन्या बाजारातून, कचऱ्यातून उचललेल्या वस्तू आणून पैसे मागू लागले, तेव्हा २०१८ मध्ये तिनं एक वर्षाची मुदत आणि खरेदीच्या पुराव्याची अट घातली. लक्षात घ्या, पुरावा खरेदीचा. ऑनलाइन व्यापारात तर रिकामी खोकी परत करणारे, खोक्यात दगड भरून पाठवणारेही आहेत. २०२३ च्या डिसेंबरात ॲमेझॉननं ‘रेक’ नावाच्या टोळीविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. माल ठेवून घेऊन पैसेही परत मिळवून देण्याचा धंदा ही टोळी दलाली घेऊन करते, कंपनीतल्या माणसांना लाच चारते, असा आरोप होता. आता विचार करा : अशा टोळीकडे जाणाऱ्या ग्राहकाचं नाव खरंच असतं, त्याचं ओळखपत्रही खरंच असतं. फोटो मागून ती चोरी कशी थांबणार? अडकतो तो प्रामाणिक माणूस.

आणि तो फोटो पुढे कुठे जातो? २०२५ च्या ऑक्टोबरात ‘डिस्कॉर्ड’ या संभाषण-सेवेनं कळवलं की, वयाच्या पडताळणीसाठी दिलेल्या सुमारे ७०,००० ओळखपत्रांचे फोटो बाहेर पडले असण्याची शक्यता आहे. चोरी झाली होती ग्राहकसेवेचं काम घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीकडे. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगापुढे २०२० मध्ये ग्रुपॉन कंपनीचं एक प्रकरण आलं होतं. प्रकरण पैशांचं नव्हतं, ग्राहकाची माहिती पुसून टाकण्याचं होतं. खातं उघडताना कंपनी ओळखपत्र मागत नसे, माहिती पुसायला सांगितली की मागे. गरजेपेक्षा जास्त माहिती मागितली म्हणून आयोगानं कंपनीला ताकीद दिली.

आपल्याकडे पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यानुसार सदोष माल परत न घेणं आणि ठरल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधारचं म्हणाल, तर २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारं कलम रद्द केलं. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच : कामापुरतीच माहिती मागा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे.

तेव्हा असा निरोप आला तर घाईनं फोटो पाठवू नका. आधी ऑर्डर क्रमांक, पावती, माल परत नेल्याची पोच पाठवा आणि पैसे ज्या खात्यातून आले तिथंच परत करा असं लेखी मागा. ओळखपत्र कोणत्या नियमानुसार हवं, किती दिवस ठेवणार, हे विचारा. द्यायचीच वेळ आली तर शेवटचे चारच अंक दिसणारं, झाकलेल्या क्रमांकाचं आधार द्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या नियमांनुसार त्यानं अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो. तिथंही दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

वॉर्डच्या पेढीनं २००१ मध्ये शेवटची दुकानं बंद केली. तिनं घातलेला पायंडा मात्र आपल्या उपयोगाचा आहे : दूर बसून जो आधी पैसे घेतो, त्यानं आधी आपला खरेपणा दाखवायचा. ग्राहकानं पावती दाखवली की त्याच्याकडून आणखी काही मागण्याचं कारण विकणाऱ्यानं सांगायला हवं, आणि ते विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.