'सावकारी पाश'मधला शेतकरी गिरणीत गेला. अस्पृश्याला साच्यावर जागा होती का?

कोल्हापूरला मराठी चित्रपटाचे माहेरघर म्हणतात, आणि ते रास्तच आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. पडद्यावर देवादिक आणि राजेरजवाडे गाजत असताना या चित्रपटाने कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. कथा ना. ह. आपटे यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर जमीन बळकावतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. जाणकारांनी कौतुक केले, पण प्रेक्षक पौराणिक चित्रपटांकडेच वळला.

आज हा मूकपट उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म लवकर सडायची, चटकन पेट घ्यायची. पुढे १९३६ मध्ये पेंटरांनीच त्याच कथेवर बोलपट काढला. मूळ मूकपट मात्र गेला तो गेलाच.

तरी कथा आपल्याला ठाऊक आहे, आणि तिला प्रश्न विचारायला रीळ लागत नाही. ज्याच्याकडे गमवायला जमीन होती, त्याचे हे दुःख. ते खरेच होते. पण गावकुसाबाहेरच्या माणसाचे काय? महारासाठी वतन हाच पाश होता. गावाने आणि सरकारने हाक मारावी, त्याने राबावे! राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये महार वतन रद्द केले, ते हा पाश तोडण्यासाठीच.

आता गिरणीकडे पाहा. जमीन गेलेला सवर्ण शेतकरी साच्यावर उभा राहू शकत होता. अस्पृश्य कामगाराला मात्र जास्त मजुरीच्या साचाखात्यात प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याने विटाळ होई म्हणे! म्हणजे सावकाराच्या हातून सुटून शहर गाठले तरी जात दारात उभीच. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. 'सावकारी पाश'च्या कथेत त्यातला एकच दिसतो.

म्हणून या चित्रपटाचा गौरव जरूर करा, पण त्याला 'शोषितांची पहिली कथा' म्हणून मोकळे होऊ नका. आपल्या वस्तीतल्या जुन्या गिरणी कामगारांच्या, वतन सोडलेल्या घराण्यांच्या आठवणी आजच नोंदवून ठेवा. रीळ हरवले तर निदान कथा उरते. न नोंदवलेल्या आयुष्याचे काहीच उरत नाही.

जय भीम!