ड्रमरच्या कपाटातला इतिहास

एका फोटोपासून सुरुवात करते. साल 1964, महिना फेब्रुवारी. धावत्या मोटारीच्या खिडकीतून शेजारच्या मोटारीचा घेतलेला हा फोटो. शेजारच्या गाडीत शाळकरी वयाची अमेरिकन पोरं दाटीवाटीनं बसलीत आणि डोळे विस्फारून कॅमेऱ्याकडे बघतायत. कॅमेरा कोणाच्या हातात आहे? रिंगो स्टारच्या. म्हणजे ज्याला बघायला ती पोरं शाळा बुडवून आली होती, तोच त्यांचा फोटो काढत होता.

बीटल्सचा हा ड्रमर फोटोग्राफीचा शौकीन होता. त्यानं काढलेले फोटो कित्येक दशकं खोक्यांमध्ये पडून होते. 2013 साली ते 'फोटोग्राफ' या पुस्तकात आले आणि त्याच वेळी लॉस एंजेलिसच्या ग्रॅमी म्युझियममध्ये त्याच्या वस्तूंचं प्रदर्शनही भरलं. हा मोटारीचा फोटो मायामीचा असावा, असं रिंगोला वाटत होतं. वर्तमानपत्रात फोटो छापून आला आणि त्यातल्या लोकांनी स्वतःला ओळखलं. एव्हाना ते साठीच्या पुढे गेले होते. ती न्यू जर्सीमधल्या फेअर लॉन गावच्या हायस्कूलची पोरं होती आणि फोटो मायामीचा नव्हता, न्यूयॉर्कचा होता! बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत उतरले त्या दिवशीचा.

माझी आजी एका फोटोला शेवटपर्यंत 'आळंदीचा' म्हणायची. मागे रंकाळा स्वच्छ दिसतो. तेव्हा रिंगोला हसायचं काही कारण नाही.

पण हा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. फोटो अस्सल, फोटो काढणारा जिवंत, वस्तू पन्नास वर्षं त्याच्याच ताब्यात. म्हणजे पुरावा म्हणून याहून पक्कं काय हवं? तरी गाव चुकलं. ते दुरुस्त कोणी केलं, तर काचेच्या पलीकडच्यांनी. संग्राहकानं आपल्या वस्तूवर लावलेली चिठ्ठी हासुद्धा एक दावाच असतो आणि तो तपासावा लागतो. आम्ही प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल बघून काम थांबवत नाही, तसंच.

(माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: जुनी प्लास्टिक कशी म्हातारी होतात. रसायनशास्त्रवाली बाई रॉक संगीताच्या इतिहासात काय करतेय, त्याचं उत्तर ड्रमपाशी पोचलो की मिळेल.)

रिंगोची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. खरं नाव रिचर्ड स्टार्की, जन्म 7 जुलै 1940, लिव्हरपूलच्या डिंगल या गरीब वस्तीतला. लहानपणी पोटाच्या गंभीर दुखण्यानं आणि पुढे क्षयानं त्याची वर्षं हॉस्पिटलात गेली, शाळा जवळजवळ सुटली. ड्रमची गोडी लागली तीही हॉस्पिटलच्या बँडमध्येच. ऑगस्ट 1962 मध्ये तो बीटल्समध्ये आला, चौघांत सगळ्यात शेवटी.

आता ड्रमर कुठे बसतो ते आठवा. मागे. पुढच्या तिघांच्या पाठी आणि त्यांच्या पलीकडची गर्दी, हे त्याचं दृश्य. रिंगोचा संग्रह मला तसाच वाटतो. बाकीचे तिघं गाणी लिहीत होते, त्यांच्याकडे वह्या आणि गाण्यांचे खर्डे साठले. रिंगोकडे साठलं ते इतरांनी त्याला दिलेलं, पाठवलेलं आणि त्यानं इतरांचं टिपलेलं. 2004 साली त्यानं 'पोस्टकार्ड्स फ्रॉम द बॉइज' नावाचं पुस्तक काढलं. जॉन, पॉल आणि जॉर्जनं त्याला वेळोवेळी धाडलेली पोस्टकार्डं त्यात आहेत. एक पॉलचं आहे, 31 जानेवारी 1969 चं. आदल्याच दिवशी चौघांनी लंडनच्या गच्चीवर शेवटचं जाहीर वादन केलं होतं. कार्डावर मजकूर एवढाच, की जगातला सर्वांत थोर ड्रमर तूच आहेस, खरंच. तो महिना बँडमध्ये भांडणांचा होता हे लक्षात घेऊन ते कार्ड बघा, म्हणजे त्यातल्या 'खरंच'चं वजन कळेल.

पण पत्रसंग्रहाची एक गंमत असते. आपल्या कपाटात दुसऱ्यांची पत्रं असतात, आपली नसतात. रिंगोनं काय उत्तरं दिली, दिली का, हे त्याच्या कपाटातून कधीच कळणार नाही.

2014-15 च्या सुमारास रिंगो आणि त्याची पत्नी बार्बरा बाख यांनी घरं आवरायला काढली. आपल्याकडे आवरून झालं की भंगारवाला येतो, त्यांच्याकडे लिलाव कंपनी आली. डिसेंबर 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समध्ये ज्युलियन्स या कंपनीनं तीन दिवस लिलाव केला. कपडे, दागिने, फर्निचर, वाद्यं, असे शेकडो नग होते आणि उत्पन्नाचा काही भाग त्यांच्या लोटस फाउंडेशनला जाणार होता. जॉन लेननची रिकनबॅकर गिटार, जी त्यानं रिंगोला देऊन टाकली होती, 9 लाख 10 हजार डॉलरला गेली.

आणि ड्रम. 1963 सालचा लुडविग कंपनीचा सेट, काळ्या-करड्या मोतिया चमकीचा. किंमत 21 लाख डॉलरच्या वर, त्या वेळच्या दरानं साधारण 14 कोटी रुपये. घेणारा अमेरिकन फुटबॉलच्या इंडियानापोलिस कोल्ट्स संघाचा मालक, जिम अर्से.

इथं एक गैरसमज हमखास होतो. 9 फेब्रुवारी 1964 ला एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स वाजवले आणि अंदाजे 7 कोटी 30 लाख लोकांनी ते पाहिलं. 'तोच हा ड्रमसेट ना?' नाही. हा पहिला सेट तेव्हा इंग्लंडातच राहिला होता. रिंगोनं विमानातून नेला तो फक्त छोटा स्नेअर ड्रम, झांजा आणि मोठ्या ड्रमचं पुढचं पान, ज्यावर बीटल्सचं नाव रंगवलं होतं. बाकीचा सेट अमेरिकेत नवा घेतला, त्याच रंगाचा. रंग तोच, म्हणून ओळख फसते. ते रंगवलेलं पान वेगळ्याच मालकाकडून नोव्हेंबर 2015 मध्ये, म्हणजे महिनाभर आधी, लिलावात आलं. तेही 21 लाखांच्या वर गेलं आणि तेही अर्सेनंच घेतलं. थोडा विचार करा: 20 इंच व्यासाची एक प्लास्टिकची चकती आणि एक अख्खा ड्रमसेट यांची किंमत जवळपास सारखी. पैसे वाद्याला पडत नाहीत, 7 कोटी डोळ्यांसमोर ते असण्याला पडतात.

आता माझ्या प्रयोगशाळेत या. ती चकती मायलारची, म्हणजे पॉलिएस्टरची. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ड्रमवर वासराचं कातडं ताणत. ते दमट हवेत सैल पडे. मायलारनं तो त्रास संपवला आणि शिवाय ते टिकतं. नीट ठेवलं तर पॉलिएस्टर आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. ड्रमच्या बाहेरून चिकटवलेलं मोतिया चमकीचं आवरण मात्र त्या काळी बहुधा सेल्युलोज नायट्रेटचं असे. हा पदार्थ आतून स्वतःलाच खातो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल बनतं आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवतं. पिवळेपणा येतो, आवरण आक्रसतं, तडे जातात. बंद पेटीत जपून ठेवलं तर उलट लवकर बिघडतं, कारण वायूंना बाहेर जायला वाट नसते. जुन्या सिनेमाची रिळं याच पदार्थाची. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली, त्यात 'प्रभात'चे सिनेमे गेले, ते आठवत असेल.

म्हणजे 14 कोटींच्या वस्तूला सतत लक्ष ठेवणारं माणूस लागतं. तिजोरीनं भागत नाही.

तिजोरीवरून आठवलं. त्याच लिलावात 1968 सालचा 'व्हाइट अल्बम' होता. रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकारानं त्याचं पांढरंफटक वेष्टण केलं आणि लाखोंनी छापल्या जाणाऱ्या वस्तूवर प्रत्येक प्रतीचा क्रमांक टाकायची खोडी काढली. एक नंबरची प्रत लेननकडे असणार, असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले होते. निघाली रिंगोकडे, आणि तीही लंडनच्या एका बँकेच्या तिजोरीत पस्तीसेक वर्षं ठेवलेली. 7 लाख 90 हजार डॉलरला विकली गेली. त्यावर माझ्या बोटांचे ठसे मिळतील, असं रिंगो तेव्हा मुलाखतीत म्हणाला होता. त्या काळी आम्ही रेकॉर्डी वाजवायचो, पन्नास वर्षं जपायची आहे असा विचार करत नव्हतो. संग्राहकाला कोरी प्रत हवी असते. मला विचाराल तर ठसे हाच त्या प्रतीवरचा इतिहास आहे.

याच अल्बमशी जोडलेली एक गोष्ट लिलावात नव्हती. त्यातली कितीतरी गाणी 1968 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऋषिकेशला लिहिली गेली. रिंगो तिथं दहा-बारा दिवसच टिकला. नाजूक पोट म्हणून सोबत डबाबंद घेवड्याच्या बियांची सुटकेस घेऊन गेला होता. पुढे ध्वनिमुद्रणाच्या वेळी, 22 ऑगस्टला, तो बँड सोडूनच निघून गेला. आपण नीट वाजवत नाही आणि बाकीच्या तिघांत आपण परके आहोत, असं त्याला वाटत होतं. सुरुवातीच्या दोन गाण्यांत पॉलनं ड्रम वाजवले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिंगो परत आला, तेव्हा जॉर्जनं स्टुडिओतला त्याचा ड्रमसेट फुलांनी मढवून ठेवला होता.

ती फुलं कुठल्याच कपाटात नाहीत. त्यांना लिलावाचा क्रमांक मिळाला नाही. एक नंबरची प्रत उरली आणि ज्या दुखावण्यातून अन् समजुतीतून तो अल्बम पुरा झाला, ते फक्त सांगण्यातून आपल्यापर्यंत आलं. आणि सांगणारा माणूस मायामी-न्यूयॉर्कची गल्लत करू शकतो, हे आपण वर पाहिलंच.

म्हणून संग्रह फुटतो तेव्हा मला चुटपुट लागते. गिटार, पोस्टकार्ड, अल्बम, ड्रम एका घरात होते तोवर एकाची तारीख दुसऱ्यावरून ताडता येत होती. कोणती वस्तू कशाशेजारी ठेवली होती, कुठल्या खोक्यात काय होतं, हीदेखील माहिती असते. लिलावात प्रत्येक नग सुटा होतो. रिंगोला दोष देत नाही. त्याच्या वस्तू, त्याचं घर, पंच्याहत्तरी उलटलेली. अर्सेनं विकत घेतलेल्या वस्तू गावोगाव फिरवून लोकांना फुकट दाखवल्या, हेही सांगायला हवं. पण मे 2025 मध्ये अर्सेचंही निधन झालं. खासगी संग्रहाचं आयुष्य शेवटी मालकाच्या आयुष्याला बांधलेलं असतं.

सध्या मी अशा लिलावांचे जुने कॅटलॉग गोळा करतेय. मोठ्या लोकांच्या मोठ्या वस्तूंसाठी नव्हे, तर पदार्थांच्या नोंदींसाठी: कोणत्या साली आवरणाला तडे नव्हते, कोणत्या साली दिसले. फोटोत कडेची चमक पिवळी पडलेली दिसते का, ते भिंग लावून बघते. तुमच्या घरी जुना मोतिया ड्रम, अ‍ॅकॉर्डियन किंवा चष्म्याची फ्रेम असेल तर ती पिशवीतून बाहेर काढा आणि वास घ्या. तिखट, नाकात झोंबणारा आम्लाचा वास आला तर ती हवेशीर, गार, कोरड्या जागी, बाकीच्या वस्तूंपासून लांब ठेवा. आणि सोबत एक चिठ्ठी: ही कोणाची, कधीची, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं.