तुरुंगातला आनंद



ख्रिस्ती धर्माचे नाव निघाले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे क्रूस उभा राहतो, आणि हा धर्म दुःखाचा आहे अशी समजूत होते. वास्तविक पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाचे जे नऊ गुण सांगितले, त्यांत प्रीतीच्या पाठोपाठ आनंद येतो; आणि फिलिप्पैकरांना पुनःपुन्हा आनंद करावयास सांगणारे पत्र त्याने लिहिले ते बंदिवासातून. म्हणजे हा आनंद सुबत्तेचा नव्हे. तो शील म्हणून अंगी बाणवायचा असतो.

परंतु आम्ही पडलो संघटनेची माणसे. असा आनंद म्हणजे गरिबाला निमूट बसवण्याची युक्ती तर नव्हे, ही शंका आमच्या मनात आधी येते. वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता जे थोडेबहुत वाचन झाले, त्यात या शंकेचे एक उत्तर आम्हांला सापडले. ते इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल या खेड्याचे आहे.

जॉन वेस्लीने अठराव्या शतकात चालविलेली मेथडिस्ट चळवळ खाणकामगार व शेतमजूर यांच्यात पसरली होती. तिच्या उपासनेत गाणे भरपूर असे, आणि ते सर्वांनी मिळून गावयाचे असे. 1742 साली ब्रिस्टल येथे प्रार्थनामंदिराचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे लहान लहान गट पाडून माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करण्याची पद्धत सुरू झाली. पुढे हेच गट एकमेकांच्या आचरणाची व अडचणींची विचारपूस करू लागले. चार माणसांत उभे राहून बोलणे, हिशेब ठेवणे, दिलेला शब्द पाळणे, हे शिक्षण मजुराला येथे मिळाले.

जॉर्ज लव्हलेस हा टॉलपडलचा शेतमजूर अशाच मंडळीतला बिनपगारी उपदेशक होता. मजुरी आठवड्याला 9 शिलिंगांवरून 8 वर, मग 7 वर आली, आणि 6 होणार अशी भाषा सुरू झाली, तेव्हा 1833 साली मजुरांनी संघ स्थापन केला. त्या वेळी संघ काढणे हा गुन्हा नव्हता. म्हणून गुप्त शपथ घेतल्याचा ठपका ठेवून, आरमारातील बंडाच्या काळात केलेल्या 1797 च्या कायद्याखाली सहा जणांना पकडण्यात आले, आणि मार्च 1834 मध्ये सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. आपण, आपल्या बायका व मुले उपासमारीपासून वाचावीत एवढ्यासाठी एकत्र आलो, असे लव्हलेसने न्यायालयास सांगितले. शिक्षा ऐकल्यावर त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर पद्य लिहून लोकांकडे टाकले. ज्याची बायकापोरे उघड्यावर पडली आहेत, त्याच्या हातून त्या घटकेला पद्य उतरते, ते कशाच्या बळावर? वर्षानुवर्षे मंडळीत बसून जो आनंद त्याने कमावला होता, त्याच्या बळावर, असे आम्हांला वाटते. तो निमूट बसला नव्हता, हे तर उघडच आहे.

येथे दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. ज्यांनी शिक्षा दिली तेही ख्रिस्तीच होते. आणि सहांपैकी जेम्स हॅमेट हा या मंडळीचा सभासद नव्हता. त्यानेही तीच शिक्षा भोगली. तेव्हा धर्माच्या पाटीवरून शील ओळखता येत नाही.

लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, लाखो सह्यांचे अर्ज गेले, आणि 1836 साली माफी मिळाली. परतल्यावर पाच जण पुढे कॅनडात गेले. हॅमेट मात्र गावी राहिला, आणि 1891 साली डॉर्चेस्टरच्या गरिबांसाठीच्या वर्कहाउसमध्ये वारला. आज दर जुलैत टॉलपडलला कामगार निशाणे घेऊन जमतात आणि गातात.

आमच्या सभांत आम्ही मागण्या वाचतो, घोषणा देतो आणि घरी जातो. एकत्र गाणे, एकमेकांच्या घरची विचारपूस करणे, हे आम्ही रिकामपणाचे काम समजत आलो. पराभवाच्या दिवशी माणसे का पांगतात, याचे कारण कदाचित तेथेच असेल.