बुद्धिबळाचे प्रारंभ: चाल आणि तिचा हेतू

बुद्धिबळाच्या डावातील पहिल्या दहा-बारा चालींना प्रारंभ अथवा ‘ओपनिंग’ म्हणतात. पटाच्या मध्यावर ताबा, मोहऱ्यांचा विकास आणि किल्लेकोट करून राजाची सुरक्षितता, हे त्याचे तीन हेतू होत.

पांढऱ्याच्या ई-४ ला काळ्याने ई-५ ने उत्तर दिले व घोडे एफ-३ आणि सी-६ वर आले, की दोन वाटा फुटतात. ‘इटालियन’मध्ये पांढऱ्याचा उंट सी-४ वरून केवळ राजाच्या आधारावर असलेल्या एफ-७ वर रोख धरतो. १५६१ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाच्या ‘रुय लोपेझ’मध्ये तो बी-५ वरून ई-५ चे रक्षण करणाऱ्या घोड्यावर दबाव आणतो. ई-४ ला सी-५ हे उत्तर म्हणजे ‘सिसिलियन’ बचाव. त्यात काळा बाजूच्या प्याद्याने डी-४ साठी झुंजतो. ‘क्वीन्स गॅम्बिट’मध्ये डी-४, डी-५ नंतर पांढरा सी-४ वर प्यादे देऊ करतो, ते टिकवण्याचा हट्ट काळ्याला बहुधा महागात पडतो.

नवोदिताने पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून ई-४ व डी-४ विरुद्ध प्रत्येकी एक प्रारंभ निवडावा. प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित चाल केली की पाठांतर तिथेच थांबते. हेतू उमगलेला खेळाडू मात्र उत्तर पटावरच शोधू शकतो.